काज-बटण राहिलंय

रविवारी दुपारी ताई येणार म्हटल्यावर धाकट्या मास्तरांनी सकाळीच शिवणकामाच्या दुकानात पळ काढला. दुकान काही लांब नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीला दुकान म्हणायचं आणि पडद्यापलीकडच्या बाकीच्या खोल्यांना घर, एवढाच काय तो फरक. तेव्हा पळून पळून माणूस पळणार किती? पण बायकोच्या नजरेआड झालं की आपण कामात आहोत असं त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागायचं. हा गुण त्यांना वडिलांकडून मिळाला होता आणि वडिलांना त्यांच्या वडिलांकडून.

दुकानाच्या पाटीवर 'आणि चिरंजीव' रंगवताना ताईचं आणि त्यांच्या वडिलांचं, अप्पांचं, जे वाजलं, त्यानंतर ती आज पहिल्यांदाच या घरात पाऊल टाकणार होती. तेही थोरली बहीण म्हणून भावासाठी नाही की लेक म्हणून बापासाठी नाही, तर आत्या म्हणून भाचीसाठी. शाळाशाळांतून आईबापांना गोळा करून मुलं कशी वाढवावीत हे सांगणं हा ताईचा व्यवसाय होता. तिचा स्वतःचा मुलगा दूरच्या वसतिगृहात वाढत होता, त्यामुळे तिच्या सांगण्यात शंकेला कुठे जागाच नसायची.

निमित्त घडलं होतं शाळेत. बॉबिननं, म्हणजे या भाचीनं, झाडांच्या पानांचा संग्रह दिला नाही. बॉबिन हे नाव अप्पांनी ठेवलेलं, पोर मशीनमधल्या बॉबिनसारखी सदा गरगर फिरत असते म्हणून. बाईंनी विचारलं तेव्हा ही आठ वर्षांची मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "झालाय बाई. फक्त काज-बटण राहिलंय."

बाईंना काही उमगेना. त्यांनी बॉबिनच्या आईला बोलावून घेतलं. बॉबिनची आई बाईंसमोर खुदकन हसली, घरी येऊन ढसाढसा रडली आणि मग तिनं, जिच्याशी तिचं कधीच पटलं नव्हतं त्या नणंदेला फोन लावला. नवऱ्याला सांगण्यात काही अर्थ नाही हे तिला ठाऊक होतं. कारण ते वाक्य मूळचं नवऱ्याचंच होतं.

खरं तर ते पणजोबांचं. त्यांनी ते पहिल्यांदा वापरलं, अप्पांनी त्याला धार लावली आणि धाकट्या मास्तरांच्या हाती येईपर्यंत ते इतकं गुळगुळीत झालं होतं की फोनची घंटा वाजली की आपसूक तोंडातून बाहेर पडायचं. गिऱ्हाइकाचं कापड पिशवीतून बाहेरसुद्धा आलेलं नसो, कोट झालाय साहेब, फक्त काज-बटण राहिलंय. यातली खुबी अशी की गिऱ्हाइकाला तयार कोट डोळ्यांसमोर दिसायला लागतो, तो खूश होतो आणि आपल्याला आठवडा मिळतो. बॉबिन हेच वाक्य ऐकत मोठी झाली होती. तिनं ते शाळेत नेलं यात तिचं काय चुकलं, असं धाकट्या मास्तरांना मनातून वाटत होतं. फक्त हे मोठ्यानं म्हटलं तर पुढचा प्रश्न आपल्यावर येईल हे कळण्याइतके ते शहाणे होते.

तशी बॉबिनही काही साधी नव्हती. बिस्किटांचा डबा रिकामा झाला की उंदीर. अस्तरावर शाई सांडली की उंदीर. घरात कुणी उंदीर पाहिलेला नव्हता, पण तिच्या जबानीवरून तो बिस्किटं खाणारा, पेन वापरणारा आणि एकदा तर शेजाऱ्यांची बेल वाजवून पळालेला, असा चांगला उद्योगी उंदीर असावा.

एवढ्यावर भागलं असतं तर धाकट्या मास्तरांनी निभावून नेलं असतं. पण काल दुपारी घोटाळा झाला. दातांच्या डॉक्टरांचा कोट शुक्रवारच्या समारंभासाठी हवा होता. कापड जावयानं परदेशातून आणलेलं, तसलं दुसरं इथे मिळणं शक्य नव्हतं. धाकटे मास्तर बाहेरून आले तर टेबलावर त्याच कापडाच्या दोन बाह्या कापून पडलेल्या, आणि बॉबिन एका हातात मोठी कात्री आणि दुसऱ्या हातात एक बाही धरून ती उलटसुलट करून पाहत होती. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

कापडाला सुलट बाजू असते आणि उलट बाजू असते. एक बाही कापली की कागदाचा फर्मा पालथा घालून दुसरी कापायची, म्हणजे एक डावी होते, एक उजवी. फर्मा पालथा घातला नाही तर दोन्ही एकाच हाताच्या होतात, आणि असा कोट घालणाऱ्याला एक हात सतत पाठीमागे घेऊन हिंडावं लागतं.

"कुणी केलं हे?" धाकट्या मास्तरांनी विचारलं.

"मी नाही," बॉबिन म्हणाली.

"मग उंदरानं?"

बॉबिननं बाही टेबलावर ठेवली. आणि खरं सांगायचं तर धाकट्या मास्तरांना त्या क्षणी हायसंच वाटलं. पोरीच्या हातात कात्री होती, पोर खोटारडी म्हणून प्रसिद्ध होती, प्रकरण मिटलं. त्यांनी बाह्यांकडे पुन्हा निरखून पाहिलं नाही. पाहिलं तर काय दिसेल याची त्यांना भीती होती.

ती भीती गेल्या थंडीपासूनची. अप्पांना दुकानातला दिवा मंद झाल्यासारखा वाटायला लागला होता. धाकट्या मास्तरांनी दिवा बदलला. पुन्हा बदलला. दिवे बदलून भागेना तेव्हा ते अप्पांनी कापलेले तुकडे बदलायला लागले. अप्पा दुपारी आडवे झाले की हे गुपचूप तसलंच कापड आणून नव्यानं कापायचे, वाया गेलेले तुकडे माळ्यावरच्या पोत्यात कोंबायचे आणि चहाच्या वेळी म्हणायचे, "अप्पा, तुमच्या कापाला तोड नाही." अप्पा मिशीत हसायचे. सारं गाव ज्यांना थोरले मास्तर म्हणायचं, त्या माणसाला तुम्हाला आता दिसत नाही हे कोण सांगणार? धाकटे मास्तर तर नक्कीच नाही. ते साध्या गिऱ्हाइकाला घाबरून टेबलाखाली लपणारे गृहस्थ.

ताई आली ती दारातूनच सूचना देत आली. "अरे दोऱ्या, सगळ्यांना गोल बसव. खुर्च्या सारख्या उंचीच्या हव्यात. मुलाला आपण खाली आहोत असं वाटता कामा नये."

दोऱ्या हे धाकट्या मास्तरांचं लहानपणचं नाव. तेव्हा ते दोऱ्यासारखे बारीक होते. आता शर्टाची खालची दोन बटणं लागत नव्हती, तरी ताई आणि अप्पा त्यांना दोऱ्याच म्हणायचे.

सारख्या उंचीच्या खुर्च्या काही त्या घरात नव्हत्या. शेवटी मंडळी दुकानातल्या कापायच्या टेबलाभोवती बसली. अप्पा त्यांच्या नेहमीच्या उंच स्टुलावर बसले. ताईनं त्यांच्याकडे न बघता "कसे आहात?" विचारलं आणि अप्पांनी तिच्याकडे न बघता "ठणठणीत" म्हणून सांगितलं. टेबलाच्या मधोमध त्या दोन बाह्या पुराव्यासारख्या पडल्या होत्या. त्यांच्या शेजारी ताईनं पर्समधून एक भलंमोठं चॉकलेट काढून ठेवलं.

"नियम सोपा आहे," ताई म्हणाली. "इथे खरं बोललं की शिक्षा नाही. रागावणं नाही, डोळे वटारणं नाही. आणि आधी मोठ्यांनी बोलायचं. प्रत्येकानं आपलं एकेक खोटं सांगायचं, म्हणजे मुलाला धीर येतो. कोण सुरू करतंय?"

सगळे टेबलाकडे बघायला लागले.

"मी सांगते," बॉबिनची आई म्हणाली. तिनं पदर सारखा केला. "मागच्या वर्षी ताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी सांगितलं, आम्ही बाहेरगावी आहोत. आम्ही घरीच होतो."

ताईचं हसू जागच्या जागी थिजलं. "कमाल आहे. मी त्या दिवशी सकाळपासून स्वयंपाक…" एवढं बोलून तिला आपलाच नियम आठवला. "छान. फार छान. बघ बॉबिन, मी रागावले का?"

"थोड्याशा," बॉबिन म्हणाली.

"पुढे. अप्पा?"

"मी खोटं बोलत नाही," अप्पा म्हणाले.

"अप्पा, सगळेच बोलतात."

"आता खरं बोललो तर तुला पटेना. तुझ्या बैठकीत बसायचं तरी कसं?"

बॉबिन फिसकन हसली. ताईनं एक दीर्घ श्वास घेतला आणि भावाकडे वळली. धाकटे मास्तर मघापासून आपल्या साठ्यातलं सगळ्यात लहान खोटं शोधत होते. निवड करणं कठीण होतं, कारण साठा मोठा होता.

"परवा मी म्हणालो की डोकं दुखतंय," ते म्हणाले. "दुखत नव्हतं. पडदे धुवायचे होते म्हणून तसं म्हणालो."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," बायको म्हणाली.

"झालं तर. मी सांगितलं."

"बाबा, हे नाही," बॉबिन म्हणाली. तिला आता खेळाची गोडी लागली होती. "डॉक्टरकाका आले होते ते सांगा ना."

"ते राहू दे."

"डॉक्टरकाका कोट बघायला आले," बॉबिन आत्याला सांगायला लागली, "तेव्हा बाबा टेबलाखाली गेले आणि मला म्हणाले, सांग, बाबा बाहेर गेलेत. मी सांगितलं. पण काका बसूनच राहिले. म्हणाले, येतील एवढ्यात. ते पेपर वाचत बसले, आणि बाबा खाली. मग बाबांना शिंक आली."

"मग?" ताईला राहवेना.

"काकांनी विचारलं, कोण शिंकलं? मी म्हटलं, उंदीर."

अप्पा पोट धरून हसले. बॉबिनची आईसुद्धा हसली. धाकट्या मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उंदराच्या उद्योगांत आपणही भागीदार आहोत हे त्यांच्या तोवर ध्यानात आलं नव्हतं. वाईट त्यांना एवढंच वाटलं की शिंकेच्या वेळी पोरीनं दाखवलेल्या हजरजबाबीपणाचं त्यांनी त्या संध्याकाळी बिस्किट देऊन कौतुक केलं होतं.

"बघितलंस ना बॉबिन?" ताई आवाजात साखर घोळवून म्हणाली. "बाबांनीसुद्धा चुका केल्या आणि कुणी त्यांना रागावलं नाही. आता तुझी पाळी. या बाह्या कुणी कापल्या?"

बॉबिननं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. "शिक्षा नाही ना?"

"नाही."

"कुणीच रागावणार नाही?"

"कुणीच नाही. आत्याचा शब्द."

"आजोबांनी कापल्या," बॉबिन म्हणाली.

आईनं खुर्ची मागे सरकवली.

"बॉबिन!" आई म्हणाली. "आजोबांचं नाव घेतेस?"

"पण त्यांनीच कापल्या. मी त्यांना म्हटलं होतं, आजोबा, ही पण डावीच. तर ते म्हणाले, गप बस शेंबडे, तुला काय कळतं. मग ते झोपायला गेले. मग मी बघत होते, उलटी केली तर उजवी होते का."

"मी?" अप्पा स्टुलावरून खाली उतरले. हसू कधीच मावळलं होतं. "मी दोन्ही डाव्या कापल्या? उभा जन्म या टेबलापाशी गेला माझा. हिच्या बापाला कात्री कशी धरायची ते मी शिकवलं. आणि ही चिमुरडी…" त्यांनी मान वळवली. "दोऱ्या, काय चाललंय हे?"

"बाळा, असं दुसऱ्यावर ढकलायचं नसतं," ताई म्हणाली. अप्पांशी भांडण असलं म्हणून काय झालं, अप्पांच्या कात्रीवर तिचा देवासारखा विश्वास होता. तिनं लहानपणी ती कात्री मागितली होती. मुलींच्या हाती ती द्यायची नाही असं अप्पांनी ठरवलं, म्हणून तर ती शिकून लोकांना शिकवायला लागली. "आपण खरं बोलायचं ठरवलंय ना? पुन्हा एकदा विचार कर."

आणि मग सगळे धाकट्या मास्तरांकडे बघायला लागले. बायको, बहीण, बाप एकीकडे आणि टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून पोर दुसरीकडे. त्यांच्यासमोर बाह्या होत्या, आणि आता न बघून चालण्यासारखं नव्हतं. खांद्याजवळचा गोलवा एका दमात कापलेला होता. कुठे कात्री अडखळली नव्हती, कुठे कडेला दाते पडले नव्हते. आठ वर्षांच्या मुलीला ती कात्री दोन्ही हातांनी उघडावी लागायची. असा गोलवा कापणारा हात त्यांनी आयुष्यात एकच पाहिला होता. बाह्या दोन्ही चुकलेल्या होत्या, आणि दोन्ही सुंदर होत्या.

आता बोलायला हवं, असं त्यांना वाटलं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. समोर अप्पा उभे होते, मिशी थरथरत होती, आणि नजर धाकट्या मास्तरांच्या चेहऱ्यावर लावायचा प्रयत्न करताना ती थोडी बाजूला, भिंतीवरच्या मापाच्या टेपवर लागली होती.

"जाऊ दे," धाकटे मास्तर म्हणाले. "लहान आहे ती. झालं असेल तिच्या हातून."

बॉबिननं हनुवटी उचलली. तिनं बापाकडे बराच वेळ पाहिलं. मग ती म्हणाली, "हो. मीच कापल्या."

"शाब्बास!" ताईनं टाळीच वाजवली. "बघा, किती सोपं होतं! धीर दिला की मूल आपण होऊन खरं बोलतं. ये इकडे, हे तुझं बक्षीस." तिनं चॉकलेट बॉबिनच्या हातात दिलं आणि तिचा गालगुच्चा घेतला. बॉबिनची आई डोळे टिपत म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू." ज्या दोघींचं एका विषयावर कधी एकमत झालं नव्हतं, त्या चक्क एकमेकींचा हात धरून बसल्या. अप्पा पुन्हा स्टुलावर चढले. "लेकरू आहे," ते मोठ्या मनानं म्हणाले. "माफ केलं मी."

घरात इतका आनंदीआनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. चहा टाकायला म्हणून दोघी आत गेल्या. धाकटे मास्तर मात्र बसल्या जागी घामाघूम झाले होते. बॉबिन दिसत नव्हती. मग टेबलाखालून चॉकलेटच्या कागदाचा चुरचुर आवाज आला.

तिथे जायची वाट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? ते गुडघ्यांवर बसले आणि पोट सांभाळत आत सरकले. बॉबिन चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून बसली होती.

"रागावलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"खरं?"

बॉबिननं खांदे उडवले. "बाबा, तुम्हाला कुठलं उत्तर हवंय ते आधी सांगत जा. म्हणजे मी तेच म्हणेन."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी समजूतदारपणे बोलली, जसे ते गिऱ्हाइकाला विचारतात, साहेब, सैल हवं की अंगाबरोबर? बाईंसमोर उभं राहून थापा मारणारी पोर परवडली. ही आता मापं घ्यायला शिकली होती. उद्या ही प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मापाचं खरं शिवून देईल, आपल्यासारखंच, आणि कुठल्याशा टेबलाखाली आयुष्य काढेल. त्यांना फार लाज वाटली.

ते उठायला गेले आणि डोकं टेबलावर असं आपटलं की वरची कात्री खणखणली.

"कोण ते?" अप्पांनी विचारलं.

"उंदीर नाही, मीच आहे," धाकटे मास्तर डोकं चोळत बाहेर आले. "ताई, बाहेर ये. अगं, तूही ये."

दोघी पडद्यातून आल्या. ताईच्या हातात कपबशी होती.

"बॉबिन आत्ता खोटं बोलली," ते म्हणाले. "आधी बोलली ते खरं होतं. ज्याबद्दल आपण रागावलो ते. आणि चॉकलेट दिलं ते खोट्याबद्दल."

"अरे, पण म्हणजे…" ताईनं अप्पांकडे पाहिलं आणि कपबशी हळूच टेबलावर ठेवली.

"अप्पा, बाह्या तुम्ही कापल्यात."

अप्पांनी हात पुढे केला. धाकट्या मास्तरांनी बाह्या त्यांच्या हातात दिल्या. अप्पांनी डोळे मिटले आणि बोटांनी कापडाची सुलट बाजू शोधली, गोलवा चाचपला, एक बाही आपल्या डाव्या हाताला लावून पाहिली. मग दुसरी उजव्या हाताला लावली. कोपराचा बाक पाठीमागे गेला. त्यांनी ती काढली, फिरवली, पुन्हा लावली.

"दोन्ही डाव्या," ते म्हणाले.

"हो."

"ही पहिली वेळ?"

इथे थांबता आलं असतं. हो म्हणायला काय लागत होतं? धाकट्या मास्तरांच्या जिभेवर ते येऊन बसलंही होतं. टेबलाखालून बॉबिनचं डोकं बाहेर आलं.

"नाही अप्पा. थंडीपासून. तुम्ही झोपलात की मी पुन्हा कापतो. माळ्यावर पोतं आहे."

"आणि रोज चहाच्या वेळी म्हणायचास, तोड नाही."

"म्हणायचो."

"दिवा मंद नव्हता तर."

"नाही अप्पा."

अप्पांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. ते स्टुलावरच बसून राहिले, पण नेहमीसारखे ताठ नाही. "शिंपी तू बेताचाच आहेस दोऱ्या," ते म्हणाले, "पण खोटं फार सफाईनं शिवतोस. कुठे शिवण दिसली नाही मला." त्यात कौतुक नव्हतं. धाकट्या मास्तरांना रडू फुटलं. पंचेचाळिशीच्या माणसानं, शर्टाची दोन बटणं उघडी असताना, बहिणीसमोर रडणं चांगलं दिसत नाही, हे कळूनसुद्धा ते रडले. ताई अप्पांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. व्याख्यानात असल्या प्रसंगी काय करावं ते सांगितलेलं असणार, पण ती काही न बोलता त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. अप्पांनी तो हात झटकला नाही.

"ए शेंबडे," अप्पांनी हाक मारली. "तू मला सांगितलं होतंस, नाही का?"

"हो."

"एवढ्या घरात एकटीनं सांगितलं." अप्पांनी चाचपून टेबलावरचा खडू उचलला आणि तिच्या दिशेनं धरला. "हा घे. उद्यापासून माझ्याजवळ बसायचं. रेघ वाकडी गेली की सांगायचं. फर्मा पालथा घालायचा राहिला की सांगायचं. डॉक्टरकडे डोळे दाखवायलाही तूच चल, हा दोऱ्या तिथेही काहीतरी गोड बोलेल."

बॉबिननं खडू घेतला नाही. "तुम्ही ओरडणार नाही ना?"

ताईनं तोंड उघडलं, पण अप्पांनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी थोडा विचार केला.

"ओरडेन," ते म्हणाले. "मला ओरडल्याशिवाय राहवत नाही. तरी तू सांग."

बॉबिननं खडू घेतला. ताई त्या खडूकडे बघत राहिली, आणि मग कात्री उचलून तिनं ती आपल्या हातानं बॉबिनच्या समोर नेऊन ठेवली. अप्पांना ते दिसलं की नाही कोण जाणे. त्यांनी हरकत घेतली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सगळ्यांना माहीत होतं कुणाचा. दातांचे डॉक्टर रविवारीच फोन करायचे, तेव्हा मास्तरांना बाहेर गेल्याचं सांगता येत नाही म्हणून. धाकट्या मास्तरांनी डोळे पुसून फोन उचलला.

"नमस्कार साहेब. हो. कोट ना? कोट झालाय, फक्त का…"

सवय ती. शब्द अर्ध्यावर होता आणि समोर तीन बायका, म्हणजे दोन बायका आणि एक बॉबिन, श्वास रोखून उभ्या होत्या.

"नाही साहेब," ते म्हणाले. "कोट झालेला नाही. मागच्या रविवारी मी झाला म्हणालो तेव्हा कापलाही नव्हता. काल कापला, आणि दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. चूक आमची."

पलीकडून आवाज आला, "कुणी कापला?"

धाकट्या मास्तरांनी अप्पांकडे पाहिलं.

"सांग त्याला," अप्पा स्टुलावरून ओरडले. "माझं नाव सांग!"

"थोरल्या मास्तरांनी," ते म्हणाले. "त्यांना दिसत नाही आता नीट. ते मला माहीत होतं. हो साहेब. मी तुमच्यापासूनही लपवलं. हो. त्या दिवशी शिंकलो तो मीच."

यानंतर डॉक्टर जे बोलायला लागले ते थांबेचनात. रुग्णांना अजिबात दुखणार नाही म्हणून गोड आवाजात समजावणारा हाच का तो माणूस, असा प्रश्न पडावा इतका आवाज चढला होता. धाकट्या मास्तरांनी रिसीव्हर कानापासून वीतभर दूर धरला. शुक्रवारी घालू काय, जावयाला तोंड कसं दाखवू, पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही, सगळं खोलीभर ऐकू येत होतं.

"ओरडतायत?" बॉबिननं कुजबुजत विचारलं.

"हो."

"मग?"

"मग काही नाही. ऐकतोय."

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी फोन आपटला. धाकटे मास्तर खुर्चीत बसले. चांगलं गिऱ्हाईक गेलं होतं, कापड वाया गेलं होतं, म्हातारा बाप दुखावला होता, डोक्याला टेंगूळ आलं होतं. खरं बोलल्यावर मोकळं वाटतं असं ताई सांगते, तसलं काही त्यांना वाटत नव्हतं. चहासुद्धा गार झाला होता.

बॉबिन त्यांच्याजवळ आली. तिनं चॉकलेट टेबलावर ठेवलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"हे तुमचं," ती म्हणाली. "मला खोट्याचं मिळालं होतं."

धाकट्या मास्तरांनी चॉकलेट हातात घेतलं. कागद एका बाजूनं उघडलेला होता आणि एक आख्खा कोपरा गायब होता. कडेवर बारीक दातांच्या खुणा होत्या.

"अरे," ते म्हणाले. "उंदीर लागला वाटतं याला."

बॉबिननं खुणांकडे पाहिलं. मग बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उत्तर त्यांनीच आयतं तिच्या हातात दिलं होतं, नुसती मान हलवायचा अवकाश होता. तिनं खडूची मूठ घट्ट केली.

"नाही," ती म्हणाली. "मी."